भोपाळात कुठं उतरायचं

माय, चार-सहा दिवसांपासून माझा जीव एका गोष्टीत अडकला आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. भोपाळला ताईच्या पणतीचं बारसं आहे. ताईच्या नातवाचा फोन आला होता. "मामाआजोबा, तुमच्यासाठी खोली कुठं बघू? जुन्या शहरात, न्यू मार्केटला, की तलावाच्या बाजूला?" मी म्हटलं, सांगतो. तर त्याने पाठोपाठ फोटो पाठवले. सगळ्या खोल्यांत पांढऱ्या चादरी आणि खिडकीपाशी एक खुर्ची. मी चष्मा पुसून पुसून पाहिले, पण मोरीचा उंबरा किती उंच आहे ते एकाही फोटोत दिसत नाही. तलावाशेजारी ओल असणार, माझे गुडघे धरतील. स्टेशनाजवळ झोप लागणार नाही, आणि स्टेशनापासून लांब राहिलो तर परतीची गाडी चुकेल. सूनबाई म्हणाली, "बाबा, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, कुठंही झोपा की." तिला काय सांगू? आपल्या घरात भोपाळला कुठं उतरायचं हा प्रश्न दोन दिवसांचा कधीच नव्हता.

नवं राज्य झालं ते वर्ष मला नीट आठवतं, कारण त्या वर्षी घरात तुझा आवाज चढलेलाच असायचा. आपण कुठं गेलो नव्हतो. अण्णांचं किराणा दुकान बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात होतं तिथंच होतं, घर दुकानाच्या मागं होतं तिथंच होतं. पण राजधानी नागपूरहून उठली आणि भोपाळला गेली, आणि जाताना ताईचा नवरा मुलगा घेऊन गेली. ताईचं नागपूरला ठरवलं होतं तूच. तिथं मामा होता, तुझी माणसं होती, कोणती गल्ली कशी ते तुला पाठ होतं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. कचेरी हलली तसा तोही फायलींच्या गाठोड्यांबरोबर भोपाळला हलला. तू चुलीपुढं बसून अण्णांना म्हणत होतीस, "मी पोरगी नागपूरला दिली होती, भोपाळला नाही दिली. तिथं आपलं कोण आहे? पाणी कसं आहे, शेजार कसा आहे, कुणाला ठाऊक?" अण्णा म्हणाले, "अवं, राज्यच बदललं तर मी काय करू? मला विचारून बदललं का?" शेवटी तूच तोड काढलीस. आधी आपण जाऊन राहायचं, मग हो की नाही ते सांगायचं.

राहायचं कुठं हा मोठाच घोळ झाला. मुलाच्या खोलीवर उतरणं शक्य नव्हतं. लेकीच्या सासरचं पाणी आईबाप पीत नाहीत हा तुझा नेम, आणि लग्न व्हायच्या आधीपासूनच तू तो पाळायला लागली होतीस. अण्णांना भोपाळचं एकच माहीत होतं, की तिथंही इतवारा आहे आणि बुधवारा आहे. एवढ्यावर त्यांची निम्मी काळजी गेली होती. तुझी नव्हती गेली. तू रुमालात तुरीची डाळ बांधलीस, आणि अण्णा दुकानातून नव्या डाळीची पुडी घेऊन आले तर ती परत पाठवलीस. "परीक्षा पाण्याची आहे. डाळ बदलली तर मला काय कळणार? रोजचीच नेणार. जिथं ही शिजेल तिथं पोरगी देईन. नाही शिजली तर मी तिचा जन्म चुलीपुढं फुंकण्यात घालवणार नाही." हे तू ताईच्या देखत बोललीस. ताई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मी तेव्हा सतरा वर्षांचा. आठवीत शाळा सोडून दुकानावर बसत होतो आणि हिंदी बरं बोलायचो म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलं होतं. निघताना ताईने मला दाराआड ओढलं आणि म्हणाली, "शिजली नाही तरी शिजली म्हण. तुला माझी शपथ आहे." तिने मुलाला नागपूरला एकदाच पाहिलं होतं, पण तेवढं पुरलं होतं तिला. आपण गाडीत बसलो. नेपानगर गेलं, खंडवा गेलं, तू खिडकीतून माणसं बघत होतीस आणि मी तुझ्या मांडीवरचा रुमाल बघत होतो.

पहिल्यांदा आपण स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. मुलगा सायकल घेऊन हजर. लांबट, हडकुळा, पँटीच्या पायाला क्लिपा लावलेला. आपली वळकटी त्याने सायकलीवर टाकली. मग आपल्याला त्याची खोली दाखवायला नेलं. चार कारकून एका खोलीत राहत होते. तू पाण्याला हात लावला नाहीस, कोपऱ्यातला स्टोव्ह मात्र नीट पाहून घेतलास. "काय रांधता तुम्ही?" तू विचारलंस. तो म्हणाला, "भात करतो काकू. बटाटे करतो." "आणि वरण?" बिचारा खरं बोलला. "इथं डाळच शिजत नाही, काकू. तास तास ठेवून पाहिली. आम्ही सोडूनच दिलं." मी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी छताकडे पाहिलं. तू बाहेर पडल्यावर एवढंच म्हणालीस, "पाहिलं?"

धर्मशाळेत तू पंपाचा स्टोव्ह पेटवलास. पितळेचं पातेलं, विहिरीचं पाणी, आणि रुमालातली मूठभर डाळ. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. डाळ आपली खड्यासारखी तळाशी वाजते आहे. तू म्हणालीस, "स्टेशनाचं पाणी असंच असायचं. दुसरीकडे बघू." दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा सायकल घेऊन आला. या वेळी नव्या भोपाळात, जिथं सरकारी क्वार्टरं उभी राहत होती. अण्णांच्या ओळखीच्या एकाला तिथं दोन खोल्या मिळाल्या होत्या. भिंती ओल्या, अंगणात खडीचे ढीग, सगळीकडे लाल माती. अण्णांना ते फार आवडलं. "इथं दिवे येणार आहेत, सडका होणार आहेत," ते सांगत होते. तू म्हणालीस, "सडक खायची आहे का?" आणि स्टोव्ह पेटवलास. नळाचं पाणी होतं, दिसायला काचेसारखं. तरी डाळ तशीच. माझ्या डोळ्यांपुढं ताई उभी. तू मीठ आणायला वळलीस तेव्हा मी पळीच्या पाठीने डाळ पातेल्याच्या कडेला चेचायला लागलो, म्हणजे जरा मऊ दिसली असती. तू न वळताच म्हणालीस, "डाळ शिजवतात. कुटत नाहीत." आणि माझ्या हातातली पळी काढून घेऊन तिनेच माझ्या बोटांवर एक दिलीस. अण्णा बाहेर जाऊन खडीच्या ढिगावर बसले. हसत होते, की काळजीत होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्यांदा आपण जुन्या शहरात गेलो, बुधवाऱ्याच्या पलीकडच्या एका गल्लीत. वेशीच्या दरवाजाच्या आतली वस्ती म्हटल्यावर तुला जरा बरं वाटलं. आपलं बऱ्हाणपूरही तसंच ना, दरवाजाच्या आत ते गाव आणि बाहेर ते रान. घर एका म्हाताऱ्या विधवा बाईचं होतं. अख्खी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिने वरची खोली दिली, वेगळी मोरी दाखवली आणि विचारलं, "कितने दिन रहोगी, बहन?" तू म्हणालीस, "डाळ शिजेपर्यंत." मी तिला हिंदीत सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. वळकटी टेकवून मुलगा घाम पुसत होता. तीन दिवसांत तीन मोहल्ले झाले होते आणि त्याने एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं. जाताना फक्त म्हणाला, "काकू, चौथीकडे जायचं असलं तर आधी निरोप धाडा, मी टांगा पाहतो. सायकलीच्या मागच्या चाकात आता हवा टिकत नाही." तू त्याच्याकडे पाहिलंस. पहिल्यांदाच नीट पाहिलंस असं मला वाटलं.

आणि मग स्टोव्ह. मला अजून तो आवाज ऐकू येतो. खाला जिन्याच्या पायरीवर बसून सुपारी कातरते आहे, तू पाण्यात पळी फिरवते आहेस, रुमालात आता चिमूटभरच डाळ उरली आहे. तासभर गेला. तू पळीत चार दाणे घेतलेस, बोटाने दाबलेस आणि पळी खाली ठेवलीस. मी तोंड उघडलं, शिजली म्हणणारच होतो, पण तुझा चेहरा पाहून पुन्हा मिटलं. खालाने विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, नागपूर, ताई, पाणी, सगळं. ती उठली, पळीतला एक दाणा चिमटीत धरला, उजेडात बघितला आणि म्हणाली, "ए बहन, पानी को क्यों कोस रही हो? दाल की उमर तो पूछो. ये तो मेरे साथ की है." तू म्हणालीस, "हमारे घर में यही पकती है. रोज." खाला खाली गेली, पदरात आपली डाळ घेऊन आली. तेच पातेलं, तोच स्टोव्ह, तेच पाणी. अण्णा खालच्या नळावर अंघोळ करून वर येईपर्यंत वरण फुटून एकजीव झालं होतं.

तू पातेल्याकडे बघत बसलीस. मग हळूच अण्णांना विचारलंस, "पोत्याच्या तळाची डाळ किती जुनी असते हो?" अण्णा धोतराचा सोगा पिळत राहिले. दुकानदाराच्या घरची रीत, त्यांना काय वेगळी माहीत? वरची चांगली डाळ गिऱ्हाइकाला, तळाची घरात. घरी ती पहाटेपासून चुलीवर चढलेली असायची, दुपारपर्यंत कधीतरी शिजायची, आणि तुला वाटायचं डाळीला एवढा वेळ लागतोच. अण्णा म्हणाले, "गिऱ्हाइकाला जुना माल देता येतो का?" तू म्हणालीस, "आणि मला येतो?" खालाला मराठी कळत नव्हती, पण एवढं बरोबर कळलं. ती म्हणाली, "अब लड़की को भी बूढ़ी दाल पे ही रखोगी, कि उसका फ़ैसला करोगी?" तू हसायला लागलीस. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मुलगा निरोपाची वाट न बघता टांगाच घेऊन आला, तर तू म्हणालीस, "टांगा परत पाठवा. आणि लग्नानंतरची खोली याच गल्लीत बघा. डाळ मात्र बघून घ्या, स्वस्तातली नको." त्याला काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. मग तो खालाच्या पाया पडला, तुझ्या पडला, आणि गडबडीत माझ्याही पडणार होता.

घरी आल्यावर ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खरंच "शिजली" म्हणालो. तिला वाटलं मी शपथ पाळली. लग्न होईपर्यंत तिने मला चोरून दराब्याचे गोड लाडू दिले, आणि मी ते खाल्ले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी नवं पोतं उसवलं आणि पहिलं माप गिऱ्हाइकाच्या आधी आत पाठवलं. तू त्या दिवशी त्यांना वरण दोनदा वाढलंस. पुढं दुकान माझ्याकडे आलं तेव्हा मीही ही नवी रीत मोडली नाही. शिक्षण कमी पडलं, पण तेवढं नीट शिकलो.

त्यानंतर भोपाळला कुठं उतरायचं हे आपल्याला कधी शोधावं लागलं नाही. ताईचं घर त्याच गल्लीत, आणि तू खालाकडे. लेकीच्या घरी दिवसभर बसायचीस, तिच्या पोरांना न्हाऊ घालायचीस, पण तहान लागली की उठून खालाकडे जायचीस. दाजी म्हणायचे, "आमच्या पाण्यात काय वाईट आहे, आई?" तू म्हणायचीस, "काही नाही. म्हणून तर पोरगी दिली." तुझ्या मागोमाग खाला गेली, आता दाजीही नाहीत. खालाच्या घराच्या जागी मोबाइलची दुकानं झाली आहेत म्हणे, तीन मजली. आपली उतरायची जागा गेली, म्हणून हा एवढा घोर. आज शेवटी ताईलाच फोन लावला. ऐकू कमी येतं तिला, पण बोलणं तसंच. मी तलाव, न्यू मार्केट, मोरीचा उंबरा, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झालं तुझं? आता ऐक. तू माझा बाप नाहीस, भाऊ आहेस. माझ्या घरचं पाणी तुला चालतं. खाट घातली आहे, उंबरा नाही, मुकाट्याने ये. आणि हे बघ, डाळबीळ आणू नको."

तेव्हा उतरायचं ठरलं एकदाचं. हा कागद कुठं टाकणार? तू कोणत्या मोहल्ल्यात आहेस, तिथलं पाणी कसं आहे, काही ठाऊक नाही. बाजेखालच्या पेटीत ठेवतो. पण एक सांगतो, ताईला कळवू नकोस. मूठभर डाळ मी रुमालात बांधली आहे. यंदाची आहे, घरी दोनदा शिजवून पाहिली, लोण्यासारखी होते. ताईच्या घरात इतकी वर्षं रोज वरण होतं हेही मला माहीत आहे. तरी धाकधूक वाटते.