भुऱ्याच्या पायाला डाग

हुलसूर, ९ नोव्हेंबर २००९

प्रिय भीमाशंकर,

शनिवार, ७ नोव्हेंबर, दुपारी सव्वाचार वाजता तू माझ्या अंगणात भुऱ्याच्या पायाला तापलेल्या विळ्याचा डाग दिलास. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी तक्रार अशीच लिहायला शिकवली होती: आधी तारीख, मग वेळ, मग गुन्हा. रडू म्हणशील तर येत नाही.

मी त्या वेळी बीदरला त्याच्या दुखण्याची औषधं आणायला गेले होते. तुला फोनवर सगळं सांगितलं होतं. पुढच्या पायाची ती सूज मुरगळल्याची नव्हे, हाडातल्या कॅन्सरची. एक्स-रेत हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसतं. छातीचा फोटो आज तरी स्वच्छ आहे. पाय खांद्यापासून काढला तरी रोग पुढे फुप्फुसात उतरू शकतो, पण हे दुखणं जातं आणि तीन पायांवर कुत्रं चांगलं पळतं. तू म्हणालास, "पाय कामून काढायलेत, अक्का? मेंढराला देतो तसा डाग दिला की सूज बसतंय." मी म्हणाले, डॉक्टर मेंढरं राखत नाहीत, तूही डॉक्टरकी करू नकोस.

परत आले तर अंगणात करपलेल्या केसांचा वास. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. डाग बसताच त्यानं पाय झटकला आणि पोखरलेलं हाड कडकन मोडलं, हे तूच सांगितलंस. मग विळा तिथंच टाकून मादन हिप्परग्याला आपल्या घरी निघून गेलास. तू जेवत नाहीस, असं तुझी बायको जगदेवी फोनवर सांगते. मी जेवते. चव लागत नाही, पण जेवते.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हे पिल्लू तूच घोंगडीत गुंडाळून आणलंस. "पोरांवर वरडायची सवय हाय तुला, आता ह्याच्यावर वरड." इतकी वर्षं ओरडले. भाकरी माझी खाल्ली, पण ऐकलं त्यानं तुझंच.

काल डॉक्टर येऊन गेले. भुऱ्या पट्टी बांधू देईना. त्यांना चावला, मलाही चावला. ते म्हणाले, शुक्रवारी पाय काढू, पण भुलीची सुई शिरेत जाईपर्यंत त्याच्या विश्वासाच्या माणसानं धरायला हवं. मोडक्या पायाच्या कुत्र्याला दोरीनं आवळणार नाही. तसं माणूस नसेल, तर कायमचं झोपवणं बरं. तू विळा टेकवलास तेव्हाही तो तुला चावला नव्हता. म्हणून हे पत्र. माफी लिहू नकोस, मी वाचणार नाही. फोनवर तू "व्हय व्हय" म्हणतोस आणि येत नाहीस, त्यामुळे लेखी उत्तर हवं: शुक्रवारी सकाळी त्याला धरायला येतोस की नाही. हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे, उत्तर त्याच्याच हाती दे. गुरुवारी, १२ नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाच्या आत ते मला मिळालं पाहिजे.

तुझीच,
रेणूअक्का