बारकोडचा जनक आणि त्याचे जुने मेल

१० जून, सकाळी
कंपनीच्या स्मरणिकेचं प्रूफ आलं. गोदामात बारकोड आणण्याचं सगळं श्रेय माझ्या हाताखालच्या पोराला. तो आता डायरेक्टर. माझं नाव फक्त ग्रुप फोटोखाली, तेही चुकीचं. संपादकबाईंना फोन केला. म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत पुरावा द्या. पुरावा आहे! निवृत्तीच्या दिवशी माझे सगळे मेल एका आर्काइव्ह फाइलमध्ये भरून घरी आणलेत. आज उघडतो, उद्या पाठवतो.

११ जून
फाइल उघडत नाही. चूक फाइलची. लेक फोनवर म्हणाली, बाबा, आधी तिची कॉपी करून ठेवा, मग हात लावा. मी शनिवारी येते. शनिवारी! हिच्या जन्माआधीपासून मी कॉम्प्युटर वापरतोय.

१२ जून
फाइलमधले मेल काढून देणारं फुकटचं कन्व्हर्टर नेटवरून उतरवलं. त्याने फक्त पहिले काही मेल काढून दिले. सगळे कँटीनच्या वेळांबद्दल. बाकीचे हवे असतील तर पैसे भरा म्हणे. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय. सौ. म्हणाली, एवढं कोण वाचणार आहे? तिला इतिहासाची जाण नाही.

१३ जून, दुपारी
दुरुस्तीचं सॉफ्टवेअर मिळालं. त्याने विचारलं, मूळ फाइलची प्रत ठेवू का? चौकटीतली खूण काढून टाकली. असले लाड भित्र्यांचे.

१३ जून, संध्याकाळी
दुरुस्ती यशस्वी झाली, असा संदेश आला. फाइल उघडते. आत काही नाही. इनबॉक्स रिकामा, पाठवलेले रिकामे. 'हरवले-सापडले' नावाचा नवा फोल्डर आलाय. तोही रिकामा. सौ.ला सांगितलं, काम जवळजवळ झालं.

१४ जून
ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, त्या मित्राला फोन केला. तो अजून नोकरीत आहे. माझा प्रत्येक मेल त्यालाही जायचा. म्हणाला, आहेत की, सगळे आहेत. म्हटलं, जपलेस तू! तो म्हणाला, जपले असं नाही रे. तुझं नाव दिसलं की मेल आपोआप बाजूच्या फोल्डरमध्ये जायचा. आम्ही सगळ्यांनीच तशी सोय केली होती. वाईट वाटून घेऊ नकोस.
वाईट कशाला वाटेल? सुरक्षित राहिले ना.

१५ जून, शुक्रवार
मित्राने फोल्डर पाठवला. सगळे मेल ठळक अक्षरांत, म्हणजे न उघडलेले. 'तातडीचे', 'अतितातडीचे', 'स्मरणपत्र', 'बारकोड : माझी भूमिका, भाग सहा'. हाच पुरावा! चहा घेऊन वाचायला बसलो. संपादकबाईंचा फोन आला, सापडलं का काही? म्हटलं, वाचतोय.
भाग सहा बराच लांब आहे. दुसऱ्या पानावर माझा डोळा लागला. सौ.ने उठवलं तोवर स्मरणिका छापायला गेली होती.