डोक्याचा दगड, पायांचा दगड

१० जानेवारी १९९१, जिझान

आलो एकदाचा. जेद्दाच्या बलद भागातला तो छापखाना आणि कफीलची, म्हणजे मालकाची, रोजची कटकट मागे टाकून आलो. कॅलेंडरसाठी डोंगर, दऱ्या, जुनी गावं टिपायची. चित्रात माणूस नको, जनावर नको, अशी मालकाची ताकीद. माझं काय जातंय. फोटो पसंत पडले की तो सुट्टीचा व्हिसा काढून देणार. चिपळूणला सुधाचे दिवस भरत आलेत; बाळाच्या आधी मी घरी पोचणारच. ड्रायव्हर हुसेनमियाँ दाभोळचे, इथे पार मुरलेले. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला बाळकृष्णशेठ म्हणून चिडवतात. लढाई होणार म्हणतात, पण ती तिकडे उत्तरेला, कुवेतकडे. इथली मासळी मात्र झकास.

१२ जानेवारी

डोंगरात एक ओस पडलेलं दगडी गाव सापडलं. खाली माळ, त्यावर तिरपं ऊन. वारा मात्र हलकट, ट्रायपॉड थरथरायला लागला. अशा वेळी खाली वजन टांगायचं असतं. चाचा जीपमागे नमाज पढत होते. माळावर जागोजागी दगड उभे रोवलेले होते. त्यातले कडेचे दोन लांबट उपटले आणि पिशवीत घालून टांगले. ट्रायपॉड गप्प बसला. फोटो असा येईल की मालक तोंडात बोट घालेल. दगड कामाचे निघाले म्हणून जीपमध्येच टाकले.

१४ जानेवारी

सकाळी बघतो तर खाटेच्या उशाशी एक दगड उभा, पायथ्याशी दुसरा. माझ्या पायांवर चिमूटभर माती. चाचांची थट्टा समजून त्यांना झापलं. ते पांढरेफटक पडले. एकदम एकेरीवर येऊन विचारलं, दगड कुठून आणलेस. मग सांगितलं की इकडे कबरीवर नाव नसतं, चौथरा नसतो. एक दगड डोक्याकडे, एक पायांकडे, बस. मला काय माहीत? मी कबरी बघितल्या त्या गावाकडच्या, बांधलेल्या. आत्ताच्या आत्ता परत ठेवून येऊ म्हणाले. मी म्हटलं, आधी किनाऱ्यावरचे फोटो उरकू. मला सुट्टीची घाई.

१७ जानेवारी

लढाई सुरू झाली. डोंगराच्या रस्त्यावर सैनिकांनी कॅमेरा बघून आम्हाला परत पाठवलं. चहाच्या टपरीवर चाचांनी एका म्हाताऱ्याला त्या गावाचं विचारलं. त्याच्या आजोबांच्या काळात देवीची साथ आली होती म्हणे. शेवटी उरलेल्या माणसाने सगळ्यांना पुरलं. मग माळाच्या कडेला स्वतःसाठी खड्डा खणला, दोन दगड रोवले आणि आत आडवा झाला. वरून माती लोटायला कुणी नव्हतं. त्याला गिधाडांनी नेलं. ती कबर अजून रिकामीच आहे.

माती आज गुडघ्यांपर्यंत होती.

१९ जानेवारी

दगड समुद्रात फेकले. सकाळी खाटेशी ओले उभे होते. माती कमरेपर्यंत. झटकली तरी पाय जडच. जीपमध्ये झोपून पाहिलं, तिथेही तेच. मला भीती वाटते. सरळ लिहितो, फार भीती वाटते.

२१ जानेवारी

छातीपर्यंत. खोकल्यातून माती येते. चाचा माझ्यासमोर बसून रडले. म्हणाले, कॅमेरा इथेच टाकू, मग सैनिक सोडतील. टाका. फोटो नकोत, मालक नको. फक्त सुधाकडे जिवंत—

२२ जानेवारी, दुपार

सोडलं सैनिकांनी. माळावर आलोय. पाय हलत नाहीत, म्हणून मी जीपमध्येच. चाचा दगड घेऊन गेले. लिहीत राहिलो की श्वास चालतो—

खाचा सापडल्या त्यांना. डोक्याचा रोवला. पायांचा रोवला. फातेहा पढतायत. छाती हलकी झाली. घरी जाणार मी, सुधा—

चाचा परत आले. खिडकीतून आत बघितलं. मी दिसलो नाही त्यांना. माळाकडे तोंड करून माझ्या नावाने हाका मारतायत. मी इथे आहे, इथे, ओरडतोय मी—

पळत गेले. दगडांच्या मधे गुडघे टेकून हातांनी उकरतायत. ती माती ताजी कशी—

हात निघाला. माणसाचा. बोटं हलतायत—

बोटांत पेन आहे. ते लिहि—