मशीनला थंडी वाजते

रावेत, रविवार, ११ जानेवारी

आईचं शिलाई मशीन आज शेवटी उघडलं. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून दिवाळीत ते निघोज्याहून इथं आणलं. थंडी पडली आणि ते आखडून बसलं. चाक हातानंही फिरेना.

लहानपणीही असंच व्हायचं. आई म्हणायची, "त्येलाबी थंडी वाजती रं." मग रात्री मशीनवर गोधडी टाकायची आणि सकाळी दोघांनी ते उचलून अंगणात उन्हात ठेवायचं. तासाभरात चाक फिरायचं. किती वर्षं खरं मानलं मी हे!

आज बॉबिनखालचा दोऱ्यांचा गुंता काढला, तर आत पांढरट, मेणासारखा थर. बोटावर घेऊन हुंगला. खोबरेल! डोक्याचं तेल घालत होती ही बाई मशीनला. थंडीत थिजायचं, उन्हात वितळायचं. आणि तिचा मुलगा कोण, तर चाकणच्या कंपनीत कुठल्या मशीनला कुठलं तेल ते ठरवणारा. कधी उघडून बघावंसं वाटलं नाही मला?

रॉकेलनं सगळं पुसलं, मशीनचं तेल सोडलं, चिंधीवर चालवून पाहिलं. अगदी हलकं चालतंय. बोटाला मात्र अजून तोच वास, शाळेत जाताना ती माझं डोकं चोपडायची तेव्हाचा. हात धुवावासा वाटेना.

आईला फोन लावला. सगळं सांगणारच होतो.

"चालाया लागलं? उन्हात ठिवलं व्हतंस ना?"

"व्हय आई, ठिवलं व्हतं," मी म्हणालो. "रातीला गोधडीबी टाकली व्हती."