बाविसाव्या फोटोतले हसू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वीचा धंदा वर्तमानपत्रासाठी फोटो काढणे, सध्याचा धंदा खोकणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणतेही नशापाणी न करता आणि पत्नीने दोनदा "आधी जेवून घ्या" असे बजावले तरी जागचा न हलता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते चार ओळींचे होते आणि त्यात घर सोडून कशाचाच उल्लेख नव्हता.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून फोटो कसा वाटतो म्हणून विचारले. मी म्हणालो, "क्षितिज तिरकं आहे." दाखला लगेच मिळाला. फुप्फुसांबद्दल मात्र ते म्हणाले, "कागदपत्रं या महिन्यातच उरकून घ्या."

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या पत्नीला. यावर कोणीही हक्क सांगू नये. चौदा वर्षे आमचे न्हाणीघर हीच माझी डार्करूम होती. दाराला काळा पडदा, बादलीत रसायने, आणि अंघोळीला जायचे तर तिने बाहेरून विचारायचे, "झालं का हो?" तो पडदा अजून माळ्यावर आहे. तिने त्याची पायपुसणी करावीत.

कलम २. दोन्ही कॅमेरे, लांब पल्ल्याची लेन्स आणि चामडी बॅग माझ्या भाचीला. ती लग्नाचे फोटो काढते. आमच्या धंद्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना नाक मुरडायची पद्धत आहे. मीही तिच्या तोंडावर मुरडले आहे. आता लिहून देतो की तिच्या फोटोमुळे आजवर कोणी आयुष्यातून उठलेले नाही. एवढे मला माझ्याबद्दल म्हणता येत नाही.

कलम ३. माझी लाल पेन्सिल आमच्या त्या वेळच्या मुख्य उपसंपादकांना, ज्यांना सगळे कचेरीत 'कात्री' म्हणत. पेन्सिल मूळची त्यांचीच. मी ती त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी टेबलावरून उचलली. रोलमधले सगळे फोटो एकाच कागदावर नखाएवढे छापून आम्ही त्यांच्यापुढे ठेवत असू, आणि जो छापायचा त्याभोवती ते या पेन्सिलीने गोल करीत. कारखान्याला आग लागली त्या दिवशी त्यांनी बाविसाव्या फोटोला गोल केला. इतकी वर्षे मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. त्या मागे घेतो. गोल त्यांनी केला, पण पुढचे सगळे मी केले.

कलम ४. पितळी सन्मानचिन्ह. हे कोणाला द्यावे ते मला ठरवता येत नाही, म्हणून आधी ते कसे मिळाले ते लिहितो. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात हकिगत लागत नाही. मला लागते.

एकतीस वर्षांपूर्वी कपडे शिवण्याच्या एका कारखान्याला भर दुपारी आग लागली. मालकाच्या हुकमावरून मोठे फाटक बाहेरून बंद असायचे, बायका कामाच्या वेळेत घरी जाऊ नयेत म्हणून. किल्लीही मालकाकडेच असायची. मी पोहोचलो तोवर वॉचमनने बाजूचे दार लाथा घालून तोडले होते आणि दोन वेळा आत जाऊन सात-आठ जणींना ओढून काढले होते. तिसऱ्यांदा त्याला आग विझवणाऱ्यांनी धरून ठेवले. मग तो फाटकापाशी उभा राहिला. त्याच्यापुढे फुटपाथवर एक बाई बसली होती. हातात बहिणीची एक चप्पल, आणि बहीण आत. मी गुडघ्यावर बसलो आणि बटण दाबत गेलो.

माणसाला रडू फुटते तेव्हा पहिल्या क्षणी तोंड हसल्यासारखे होते. गाल वर चढतात, दात दिसतात. दुसऱ्या क्षणी चेहरा मोडतो. माझा बाविसावा फोटो पहिल्या क्षणाचा आहे आणि तेविसावा दुसऱ्या क्षणाचा. बाविसाव्यात पुढे बाई ऊर बडवते आहे आणि मागे वॉचमन दात काढून हसतो आहे. तेविसाव्यात वॉचमन तोंड वासून रडतो आहे, पण बाईने मान फिरवली आहे, मध्ये कोणाचे तरी कोपर आले आहे आणि माझा हात हलला आहे.

कात्रींच्या टेबलापाशी झालेले बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"बावीस! अरे, हा हसतोय बघ! पहिलं पान."

"साहेब, तो हसत नाहीये. तेवीस बघा ना."

"तेवीसमध्ये फोटो कुठाय? कोपर आहे नुसतं. कॅमेऱ्याने माश्या मारत होतास का?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि ते हसू खरे होते. दुसऱ्या दिवशी फोटोखाली ओळ आली, 'आणि याला हसू येते!' ओळ कात्रींची. पण चार महिन्यांनी स्पर्धेच्या अर्जावर तीच ओळ मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिली. वर्षातले सर्वोत्तम वृत्तछायाचित्र म्हणून निवड झाली. परीक्षकांचा अभिप्राय चिन्हावर कोरला आहे: 'या छायाचित्राची ताकद त्या हास्यात आहे.'

मालकावरचा सगळा राग वॉचमनवर गेला. लोकांनी त्याच्या घरावर दगड मारले. नोकरी गेली आणि दुसरी कोणी दिली नाही, कारण तोंड साऱ्या गावाच्या ओळखीचे झाले होते. वॉचमनच बेफिकीर होता हे दाखवायला चौकशी समितीपुढे माझा फोटो ठेवला गेला. मला कोणी बोलावले नाही, आणि मी आपण होऊन गेलो नाही. मालक सुटला.

सन्मानचिन्ह भंगारात घालावे. भंगारवाल्याने अभिप्राय वाचला तर वाचू द्यावा.

कलम ५. पुढे एकोणीस वर्षे मी त्याच स्पर्धेचा परीक्षक होतो. नवीन छायाचित्रकारांसाठी माझे एक व्याख्यान ठरलेले असे. त्याच्या टिपणांची निळी वही स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेला द्यावी. मुद्दे असे: बघणाऱ्याला फोटो एका नजरेत कळला पाहिजे. चौकटीत अनावश्यक काही नको. चेहरा हवा, आणि जमल्यास दोन चेहरे, एकमेकांच्या विरुद्ध. घटना सगळेच टिपतात, तुम्ही क्षण टिपा. आजही यातला एकही मुद्दा मला चुकीचा म्हणता येत नाही, आणि तिथेच माझी बोलती बंद होते. बाविसावा फोटो या सगळ्या कसोट्यांवर उतरतो. तेविसावा मी परीक्षक असतो तर पहिल्या फेरीतच बाजूला काढला असता.

गेल्या वर्षी संस्थेच्या चिटणीसबाईंना फोन केला होता.

"सर, तीस वर्षांनी निकाल कसा बदलणार? आणि फोटोत काही फेरफार केलाय का?"

"नाही."

"कोणाला उभं करून काढलाय?"

"नाही हो."

"मग फोटो खराच आहे की! तुम्ही उगाच त्रास करून घेताय. तब्येत काय म्हणते?"

माझ्याच वर्तमानपत्रात गेलो. आगीच्या स्मरणदिनी ते दर वर्षी बाविसावा फोटो छापतात. म्हटले, एकदा शेजारी तेविसावा छापा. नव्या संपादकांनी चहा पाजला, फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सर, हा हललाय." फोटोचे हक्क वर्तमानपत्राच्या कंपनीचे. वकीलबाईंना विचारले की बाविसावा फोटो यापुढे छापू नये असे मृत्युपत्रात लिहिता येईल का. त्या म्हणाल्या, "जे आपलं नाही ते देताही येत नाही आणि थांबवताही येत नाही." म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे लोक मला ओळखतात, तीच माझी नाही. मी मेल्यावर माझ्या बातमीबरोबरही ते तोच फोटो छापतील. माझा अगदी नाइलाज झाला आहे, आणि हे वाक्य कायद्यात बसत नसले तरी ते खोडू नये.

कलम ६. सहा फोटोंच्या निगेटिव्हची एक पट्टी, क्रमांक एकोणीस ते चोवीस. कचेरीने जागा बदलली तेव्हा जुन्या निगेटिव्ह टाकून दिल्या होत्या. त्या ढिगातून मी ती उचलली आणि पुढची अकरा वर्षे कपाटात लपवली.

दोन महिन्यांपूर्वी तेविसावा फोटो मोठा छापून घेतला आणि वॉचमनचे घर शोधत गेलो. दार त्याच्या मुलीने उघडले. ती एका दवाखान्यात औषधे देते. मी म्हणालो, "मी फोटोवाला." कुठला ते तिने विचारले नाही. आत गेली, बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, मग बाहेर येऊन म्हणाली, "बसा. बाबा येतायत."

भिंतीवर घरातले फोटो होते. मुलीचे लग्न, नातवाचे बारसे, कुठल्यातरी बागेत सगळे जण. प्रत्येक फोटोत वॉचमनने तोंडावर हात धरलेला होता. मी धंदेवाईक नजरेने एकेक पाहत गेलो. एकही सुटला नव्हता.

तो आला, समोर बसला. पाया पडावे असे मनात आले. ते नाटक वाटेल म्हणून मी बसून राहिलो.

"साहेब, एक विचारू?" तो म्हणाला. "मी हसलो होतो का हो तेव्हा?"

"नाही."

"नक्की ना? नाही म्हणजे, इतक्या लोकांनी सांगितलं की मलाच वाटायला लागलं, हसलो असेन. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. हिची आई म्हणायची, तुम्ही हसणं शक्य नाही. पण शेवटपर्यंत अधूनमधून विचारायची मात्र."

मी तेविसावा फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला. मुलगी त्याच्या खांद्यावरून पाहत होती. मग तीच बोलली.

"हा तेव्हाचाच आहे?"

"त्यानंतर लगेचचा. एका सेकंदानंतरचा."

"म्हणजे तुमच्याकडे होता. आई असताना होता."

"होता."

मी माफी मागितली, पण खोकल्यामुळे ती नीट ऐकू गेली की नाही कोणास ठाऊक. तिने पाणी आणून दिले. ती चांगली मुलगी आहे, रागावूनही पाणी देते.

ही पट्टी मी वॉचमनच्या नावे लिहिली होती. मसुदा वाचून दाखवायला त्याला वकीलबाईंच्या कचेरीत बोलावले. तिथे सहीसाठी दोन साक्षीदार कोण, असा प्रश्न निघाला. एक डॉक्टर. दुसरा ठरायचा होता. वॉचमन म्हणाला, "मी करतो सही." बाईंनी समजावले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पट्टी किंवा सही, एकच काहीतरी.

"मग पट्टी नको," तो म्हणाला. "सही करतो."

"अहो काका, ही पट्टी म्हणजे तुमचा पुरावा आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. चौकशीच्या वेळी मी तीन दिवस बाकावर बसून होतो. मला आत घेतलं नाही. म्हणाले, फोटो आहे ना, तुझ्या जबानीची काय गरज? एकदा तरी माझी साक्ष घ्या."

म्हणून कलम बदलले. पट्टी आणि मोठा छापलेला तेविसावा फोटो त्याच्या मुलीला. त्यांचे तिने काय करावे यावर कोणतीही अट नाही. भिंतीवर लावला तर बरे वाटेल असे लिहिणार होतो, पण मला बरे वाटावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही.

कलम ७. माझ्या मागे माझा फोटो हार घालून भिंतीवर लावू नये. लावायचाच असेल तर पत्नीने काढलेला लावावा, ज्यात माझे डोके अर्धे कापले गेले आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, वकीलबाईंनी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते मला मान्य आहे. यात काही कमी असेल तर ते माझ्यात कमी होते असे समजावे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: चालू महिन्याचा तिसरा सोमवार, सकाळी साडेअकरा.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला, डॉक्टर: मृत्युपत्र करणाऱ्याने पूर्ण शुद्धीत, माझ्या समक्ष सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा, निवृत्त वॉचमन, स्वतःच्या अक्षरात: मी समोर बसलो होतो. सगळं ऐकलं. सही करताना साहेबांचं तोंड हसल्यासारखं झालं होतं. ते हसत नव्हते, रडत होते. मी शेवटपर्यंत बघितलं, म्हणून लिहून देतो. (सही)