शिजवलेली माती

४ फेब्रुवारी
वही लिहायला घेतली. घरात बोलायला दुसरं आहे कोण? मुलगा देवाघरी गेल्यापासून सूनबाई, मी, आणि मागचं ग्रीनहाऊस. बियाण्याचे बटाटे करते ती. आज सांगून टाकलं : आई, हे पीक बियाण्याच्या सरकारी तपासणीत पास झालं तर मी इथेच. फेल झालं तर भावाकडे जाऊन नोकरी धरणार. मी म्हटलं, जा की, कोण अडवतंय.
ठराव : पीक पास करून दाखवायचं. तिला कळू द्यायचं नाही.

६ फेब्रुवारी, सकाळ
तीन वाफे. एकात लाल माती, एकात काळी, एकात नारळाचा भुसा. कशात जास्त बटाटे धरतात ते बघायचंय म्हणे. पण माती आधी ड्रममध्ये वाफेवर शिजवली! माती म्हणजे काय रताळी? सूनबाई म्हणाली, रोग मरतात. मी म्हटलं, रोगाबरोबर मातीही मेली. ती लॅबमधली नाजूक रोपं लावत राहिली. 
काळा वाफा मला दिलाय. पाणी घाला, विकतचं गांडूळखत चिमूटभर टाका, बाकी काही करू नका. म्हणजे मी कोण, नळ?

१५ फेब्रुवारी
आत जाताना चप्पल बदला. हात धुवा. बाजारातला बटाटा दाराच्या आत नको, त्याची साल सुद्धा नको. ऑपरेशन थिएटर झालंय नुसतं.
ठराव : नियम पाळायचे, भांडायचं नाही.

२० फेब्रुवारी
नियम पाळून बघितले. रोपं मरतुकडीच. घरामागे माझा खताचा खड्डा आहे. देठं, साली, सडके बटाटे, सगळं त्यात जातं. बाळाला आईचं दूध, तसं बटाट्याला बटाट्याचं खत. सूनबाई बाहेर गेली तेव्हा दोन घमेली टाकली काळ्या वाफ्यात. पुरतं कुजलेलं नव्हतं, पण आत गेल्यावर कुजेलच. चप्पल बदलली होती. नियम मोडला असं कोणी म्हणू नये.

६ मार्च
काळा वाफा हिरवागार. बाकीचे दोन त्याच्यापुढे फिके. सूनबाई म्हणाली, आई, तुमच्या हाताला गुण आहे. आणि हसली. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, दात काय दाखवतेस, कामाला लाग.
ठराव : उरलेल्या दोन वाफ्यांनाही तेच. त्यांना उपाशी का ठेवायचं?

८ मार्च
टाकलं. काळ्या वाफ्यातल्याच खुरप्याने मिसळलं. कंबर मोडली. चौथी शिकलेल्या बाईने करून दाखवलं, पुस्तकं वाचणाऱ्यांनी बघावं.

२९ मार्च
दुपारी काळ्यातल्या काही रोपांनी मान टाकली. पानं हिरवीच, पण लुळी. सूनबाई घाबरली. मी म्हटलं, अगं, उन्हात माणूससुद्धा लवंडतो. संध्याकाळी उभी राहिली. बघ म्हटलं.

३ एप्रिल
संध्याकाळी उभी राहिली नाहीत. लाल वाफ्यातही तेच. ग्रीनहाऊसच्या फॅनचा दोष. फॅनवाल्याला बोलावून झापला. तो म्हणाला, आजी, फॅन एकदम ओके आहे. ओके म्हणायला इतक्या लांबून आला!
पाणी वाढवलं. मग कमी केलं.

११ एप्रिल
तपासणीवाला आला. जाड चष्मा. देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरला. देठातून पांढरी धार उतरली, दोऱ्यासारखी. मला बरं वाटलं. दूध धरलंय, म्हटलं. तो म्हणाला, दूध नाही आजी, रोग आहे. तिन्ही वाफे गेलेत. सगळं जाळा, आणि इथे कित्येक वर्षं बटाटा लावायचा नाही. मग सूनबाईला विचारलं, बाहेरचं काही आत आणलं होतंत का?
ती वाफ्याशी उकिडवी बसली होती. मातीतून एक साल उचलली. मुठीत धरली. म्हणाली, नाही साहेब, काही नाही.
साल कशाची होती, लांबून मला दिसलं नाही. नजर अधू झालीय.

१२ एप्रिल
रोपं जाळली. ओली, म्हणून धूरच फार. ती ओरडेल याची वाट बघत होते. उत्तर तयार होतं : तुझ्या शिजवलेल्या मातीत जीव असता तर रोग शिरलाच नसता. पण ती ओरडलीच नाही. म्हणाली, आई, तुमचं जेवण झाकून ठेवलंय.
ठराव : उद्या तिला थांब म्हणायचं. एक शब्द तर आहे.

१३ एप्रिल
डोकं दुखत होतं. उद्या.

१८ एप्रिल
सूनबाई भावाकडे गेली. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, अशात कोण काय बोलणार? म्हणाली, पोचले की फोन करते. मी म्हटलं, दार नीट ओढून घे.
चार दिवस हवापालट. मन रमलं नाही की येईल परत.

संध्याकाळी
कपाट आवरायला घेतलं. तिची जाड रजई नाही. बाहेर संध्याकाळीही नुसतं उकडतंय, थंडीला अजून सहा महिने.