पाहुण्याला कसली कावीळ

१९ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आज दुपारी आमच्या मॅडमनी सांगून टाकलं की पुढच्या वर्षाची सिस्टीम तयार आहे. एक तारखेपासून आरोग्य विम्याच्या सगळ्या पॉलिसी नव्या नियमांवर चालतील. टाळ्या झाल्या, केक कापला. मीही खाल्ला.

इकडे बाकी ठीक. खोकला गेला. घरमालकाने एकदाचा गळका नळ बदलला. भावोजींना सांग, माझ्या पँटचं कापड राहू द्या तसंच. या महिन्यात आधी गिऱ्हाइकांचे कपडे उरका.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तू फोन कायम स्पीकरवर ठेवतेस आणि भावोजी मशीनवरूनच ओरडतात, "विमावाले साहेब, अजून जिवंत आहोत, माफ करा!" आज मला त्यावर हसता आलं नसतं.

आमच्या कामातली एक गंमत तुला कधी सांगितली नाही. नवे नियम सिस्टीममध्ये भरले की ते तपासायला खोटे पेशंट बनवावे लागतात. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. वय, आजार, औषध आपणच ठरवायचं, त्यांचं बिल टाकायचं आणि सिस्टीम काय म्हणते ते बघायचं. डोकं खाजवत बसण्यापेक्षा जो तो घरातलंच माणूस उचलतो. शेजारच्या टेबलावरची तर दर वर्षी आपल्या सासूला बाळंत करते. माझे पाहुणे भावोजी. शिंपी, सांध्यांचा आजार, महिन्याला एक इंजेक्शन. तुझ्या ऑफिसची पॉलिसी आमच्याकडेच, म्हणून तीच लावतो. आजवर पाहुण्याचं बिल बिनबोभाट मंजूर व्हायचं.

यंदा नामंजूर आलं.

नवा नियम असा, की महाग इंजेक्शनाआधी स्वस्त गोळ्या घेऊन बघितलेल्या हव्यात, आणि त्याही गेल्या पाच वर्षांत. त्याआधीचं धरायचं नाही. भावोजींनी त्या गोळ्या केव्हा घेतल्या, हे तुला काय सांगायचं? पाच वर्षांच्या कितीतरी आधी, तुमचं लग्न नवं होतं तेव्हा. हळदीसारखे पिवळे पडले होते ते, आणि तू दवाखान्यातल्या बाकावर झोपायचीस.

मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, "या पेशंटला त्या गोळ्यांनी कावीळ झाली होती. परत त्याच द्यायच्या?"

"कोणत्या पेशंटला?" त्या म्हणाल्या. "अरे, पाहुण्याला कसली कावीळ! नियमाप्रमाणे नकार यायला हवा होता, आला ना? मग चाचणी पास."

शेजारची हसली. मीही हसलो. ज्या पॉलिसीत घरचं माणूस आहे तिला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. तो मी कधीच पाळला नव्हता. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती. जागेवर येऊन मी पास केलं. तो नियम सिस्टीममध्ये भरलाही मीच होता, ताई.

आता नीट वाच. उद्याच डॉक्टरांकडे जा. काविळीचे जुने रिपोर्ट काढ आणि या गोळ्यांनी जिवाला धोका आहे, असं त्यांच्या सहीने लिहून घे आणि ते जोडून आमच्याकडे अर्ज कर. असा अर्ज सिस्टीमकडे जात नाही, माणूस वाचतो. पण ती माणसं नव्या वर्षाचे अर्ज एक तारखेनंतरच हातात घेतात, आणि ढीग मोठा असतो. इंजेक्शन विकत घेणं माझा पगार धरूनही आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. तेव्हा जानेवारीचं चुकणार, असं धरून चाल. फेब्रुवारीचं मला सांगता येत नाही. एक चुकलं की त्यांच्या बोटांत सुईसुद्धा राहत नाही, हे तू बघितलंयस. म्हणून पँटचं लिहिलं.

जानेवारीच्या इंजेक्शनच्या दिवशी मी रजा टाकून दवाखान्यात येतो. काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघून नामंजूर म्हणेल. भावोजी तिच्यावर तापतील. त्यांना आवर, त्या बिचारीचा काही संबंध नाही. ज्याचा आहे तो तुमच्या मागेच उभा असेल. तोवर त्यांना काही बोलू नकोस. मीच सांगेन, तिथेच.

तुझा,
पाठचा भाऊ